घरच्या नॅसवरच्या फायली: किल्ली आधी, कुलूप नंतर

गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली आणि फोटो ठेवायचे कुठे, हा प्रश्न बऱ्याच घरांत उभा राहिला. त्यावर अनेकांनी काढलेला मार्ग म्हणजे नॅस. एक-दोन हार्ड डिस्क बसणारी, राउटरला जोडलेली छोटी पेटी. घरातले सगळे मोबाइल आणि लॅपटॉप तिच्यात फायली ठेवतात, दरमहा भाडं नाही, फोटो आपल्याच चार भिंतींच्या आत. निर्णय चांगलाच आहे. पण नॅस आणल्यावर दोन कामं उरतात. खासगी फायली परक्याला वाचता येऊ नयेत म्हणून त्या एन्क्रिप्ट करायच्या, आणि त्या गमावू नयेत म्हणून त्यांचा बॅकअप घ्यायचा. ही कामं बहुतेक जण उलट्या क्रमाने करतात आणि तिथेच घात होतो.

कारण ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. बॅकअपमुळे फाइल तुमच्या हातून सुटणं अवघड होतं. एन्क्रिप्शनमुळे ती सहज सुटू शकते. आज जवळपास सर्व नॅस वापरतात ती एईएस ही पद्धत योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियन संशोधकांनी रचली आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ साली ती स्वीकारली. २५६ बिटांच्या किल्लीने बंद केलेली फाइल किल्लीशिवाय उघडण्याचा व्यवहारात उपयोगी पडेल असा मार्ग कुणाकडेही नाही. नॅस बनवणाऱ्या कंपनीकडे नाही, दुकानदाराकडे नाही, डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडेही नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ असं विचारणारी ओळ इथे नसते. किल्ली गेली की तुमच्या पाच प्रती असोत वा पन्नास, सगळ्या एकदम गेल्या. म्हणून क्रम असा हवा: आधी किल्लीची सोय, मग बॅकअप, मग तो बॅकअप खरोखर उघडतो का याची खात्री, आणि सर्वांत शेवटी एन्क्रिप्शन.

दोन डिस्कच्या नॅसबद्दलचा एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. त्यात दोन्ही डिस्कवर तेच ते लिहिलं जातं. या रचनेला रेड-१ म्हणतात. एक डिस्क बंद पडली तर दुसरीवर काम चालू राहतं, एवढाच तिचा उपयोग. मुलाने चुकून ‘मुंज २०१४’ हा फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. विजेचा दाब वाढून पेटी जळली किंवा चोराने ती उचलून नेली, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. दुकानात कुणी तसं सांगितलं तरी मानू नका.

इंटरनेटवरून येणारा धोका तर अगदी ठोस आहे. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने क्यूनॅप कंपनीच्या नॅसमध्ये शिरून फायली सेव्हन-झिपने पासवर्ड घालून बंद केल्या आणि पासवर्डसाठी पैसे मागितले. तो ज्या फटीतून शिरला ती फट बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच होती. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या पेट्या जगभरात दुरूनच कोऱ्या केल्या गेल्या; सुधारणा मिळणं २०१५ पासून बंद असलेली ती यंत्रं लोक इंटरनेटला जोडून वापरत होते. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट आला. एकेका घराकडून तो ०.०३ बिटकॉइन मागत होता. ज्यांच्याकडे नॅसला न जोडलेली दुसरी प्रत होती, त्यांना पैसे द्यायचा विचारही करावा लागला नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्ही स्वतः केलेलं एन्क्रिप्शन असल्या हल्ल्यापासून वाचवत नाही. नॅस चालू आहे, फोल्डर उघडलेला आहे, लॅपटॉपवर तो दिसतो आहे, अशा वेळी लॅपटॉपमध्ये शिरलेल्या प्रोग्रामलाही तो तसाच दिसतो. तुमच्या कुलपावर तो स्वतःचं कुलूप घालतो. त्यामुळे राउटरमधली यूपीएनपी ही सोय बंद करा, नॅसकडे येणारे पोर्ट उघडे ठेवू नका, ‘ॲडमिन’ नावाचं मूळ खातं बंद करून वेगळ्या नावाचं करा, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि सॉफ्टवेअरच्या सुधारणा आल्या की घ्या. बाहेरगावाहून फायली हव्या असतील तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारख्या खासगी मार्गाने या. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही, तिथेही टेलस्केल चालतं.

मग एन्क्रिप्शन कशासाठी? डेटा घराबाहेर पडतो तेव्हासाठी. तो तीन वाटांनी बाहेर पडतो आणि तिन्ही वाटांवरचा बंदोबस्त वेगळा आहे.

पहिली वाट डिस्कची. डिस्क बिघडते, वॉरंटीत असते, कंपनी ती परत घेऊन नवी देते. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही, कारण ती चालतच नसते. पण तिच्यावरचा तुमचा आयकराचा हिशेब आणि आईचे वैद्यकीय अहवाल जागच्या जागी असतात. जुनी डिस्क विकतानाही हीच भीती. यावरचा उपाय म्हणजे संपूर्ण व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरची साठवणीची अख्खी जागा, एन्क्रिप्ट करणं. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीने २०२३ मध्ये आपल्या डीएसएम ७.२ या प्रणालीत ही सोय आणली. क्यूनॅपमध्ये ती आधीपासून आहे. दोन्हीकडे अट एकच: व्हॉल्यूम तयार करतानाच हे निवडावं लागतं, भरलेल्या व्हॉल्यूमला नंतर लावता येत नाही. नवा नॅस घेणार असाल तर पहिल्याच दिवशी हे करा; रिकाम्या व्हॉल्यूममध्ये गमावण्यासारखं काही नसतं, म्हणून ‘एन्क्रिप्शन शेवटी’ हा क्रम इथे लागू नाही. रोजच्या वापरात काही फरक जाणवत नाही. सिनॉलॉजीवर त्या वेळी रिकव्हरी कीची एक फाइल उतरवायला मिळते. पुढे यंत्र बिघडून डिस्क दुसऱ्या यंत्रात घालावी लागली, तर तीच फाइल लागते. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरी वाट पेटीची, म्हणजे चोरीची. व्हॉल्यूमची किल्ली सहसा त्याच यंत्रात ठेवलेली असते, म्हणजे यंत्र सुरू होताच व्हॉल्यूम आपोआप उघडतो. अख्खी पेटी चोरणाऱ्याच्या हाती किल्लीसुद्धा जाते. म्हणून मोजक्या नाजूक कागदपत्रांसाठी वेगळा एन्क्रिप्टेड फोल्डर करा आणि तो यंत्र सुरू झाल्यावर आपोआप उघडण्याचा पर्याय लावू नका. वीज जाऊन आल्यावर पासवर्ड टाइप करावा लागेल, तेवढा त्रास सोसा. ज्यांना नॅसच्या कंपनीवर अवलंबून राहायचं नाही त्यांनी क्रिप्टोमेटर हा मुक्त स्रोत प्रोग्राम वापरावा. तो लॅपटॉपवरच फाइल बंद करून मग नॅसवर ठेवतो, त्यामुळे उद्या यंत्र बदललं तरी काही अडत नाही. मला स्वतःला हाच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो.

तिसरी वाट प्रतीची. बॅकअपची डिस्क बँकेच्या लॉकरमध्ये, भावाकडे, किंवा क्लाउडवर जाते. इथे पुष्कळ लोक फसतात. मूळ फोल्डर एन्क्रिप्टेड आहे म्हणजे बॅकअपही तसाच असणार, असं ते धरून चालतात. पण बॅकअप घेताना तो फोल्डर उघडलेला असतो आणि बॅकअपचा प्रोग्राम त्यातल्या वाचता येणाऱ्या फायली उचलतो. सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअपमध्ये काम नव्याने तयार करताना ‘क्लायंट-साइड एन्क्रिप्शन’ वर खूण करावी लागते. तेव्हा राहून गेलं तर नंतर लावता येत नाही, काम नव्याने बनवून सगळं पुन्हा पाठवावं लागतं. खूण केल्यावर किल्लीची एक पीईएम फाइल उतरते, तीही जपायची.

सगळंच एन्क्रिप्ट करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅन-आधारच्या प्रती, बँकेची विवरणं, वैद्यकीय अहवाल, मृत्युपत्र, पासवर्डांची फाइल यांना कुलूप हवंच. सातबाऱ्याची प्रत लपवण्यात अर्थ नाही. सातबारा सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. आणि घरातल्या लग्नांचे, बारशांचे, गणपतीचे फोटो घरच्या नॅसवर खास कुलपाविना असू द्या. ते फोटो परक्याने पाहण्यापेक्षा घरच्यांना ते कधीच न दिसण्याची शक्यता जास्त आहे. तुमच्या पश्चात नातवाला आजीचा आवाज ऐकायचा असेल आणि मधे विस्मरणात गेलेला पासवर्ड असेल, तर ते एन्क्रिप्शन कोणाच्या कामाचं? घराबाहेर जाणारी प्रत मात्र सगळीच्या सगळी एन्क्रिप्टेड असावी.

आता किल्लीकडे वळू. पासवर्ड लांब हवा आणि नशिबाच्या दानाने निघालेला हवा. स्वतःच्या मनाने निवडलेलं नाव, जन्मसाल, गाडीचा नंबर किंवा तुकोबांच्या अभंगाची ओळ चालत नाही. जे जे इंटरनेटवर लिहिलेलं आहे, ते पासवर्ड फोडणारे प्रोग्राम आधी तपासतात. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेली फाशांची पद्धत अजून उत्तम आहे. ७,७७६ शब्दांची क्रमांक दिलेली यादी, प्रत्येक शब्दासाठी पाच वेळा फासा टाकायचा, आलेल्या अंकांपुढचा शब्द घ्यायचा, असे सहा शब्द काढायचे. इंग्रजी याद्या तयार मिळतात. मराठी शब्द हवे असतील तर जाडजूड शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, तो शब्द घ्या. असे सात-आठ शब्द होऊ द्या. न आवडलेला शब्द बदलायचा नाही, कारण आवडीने निवडलं की नशिबाचा भाग संपला.

असे मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करा, कारण अडचणीच्या वेळी समोर येणाऱ्या संगणकावर देवनागरी कळफलक असेलच असं नाही. मात्र रोमनमध्ये मराठी शब्दाचं एकच लेखन नसतं. ‘वावर’ व्ही घालून लिहिलं की डब्ल्यू, ‘शिदोरी’त एस आहे की एसएच, दीर्घ ‘आ’ला ए एकदा की दोनदा? सहा महिन्यांनी हे आठवत नाही. म्हणून कागदावर मराठी शब्द न लिहिता, टाइप केलं तेच, अक्षर न् अक्षर, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहा.

हो, कागदावर. पासवर्ड कागदावर लिहू नये हा नियम कार्यालयातल्या टेबलासाठी आहे. घरच्या डेटाची किल्ली कागदावर नसणं हाच मोठा धोका. दोन कागद करा. एक घरातल्या कपाटात, दागिने आणि विम्याचे कागद असतात तिथे. दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दुसऱ्या गावच्या सख्ख्या भावंडाकडे. कागद ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे बॅकअपची डिस्क ठेवू नका. रिकव्हरी की आणि पीईएम फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि तिची एक प्रत कागदासोबत ठेवा. या छोट्या मजकुराच्या फायली असल्याने त्या छापूनही ठेवता येतात. किल्लीची एकमेव प्रत नॅसच्या आतच ठेवून देणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. कागदावर पासवर्डखाली साध्या मराठीत चार ओळी लिहा: नॅस कुठे आहे, बॅकअपची डिस्क कुठे आहे, कोणत्या प्रोग्रामने ती उघडते, अडलं तर कुणाला विचारायचं. पतीला किंवा पत्नीला तो कागद दाखवा. लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर त्याला नामनिर्देशन करून घ्या.

मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांना एक अडचण नक्की येते. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये फाइलचं नाव इंग्रजी १४३ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. नाव एन्क्रिप्ट झाल्यावर लांबतं, म्हणून ही मर्यादा. पण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. त्यामुळे मराठी नावाला जेमतेम ४७ चिन्हं उरतात. ‘थोरल्या काकांच्या साठीच्या कार्यक्रमाचे निवडक फोटो’ हे नाव डोळ्यांना साधंच दिसतं, पण मोकळ्या जागा धरून त्यात पन्नास चिन्हं आहेत आणि पुढे ‘.zip’ जोडलं की मर्यादा ओलांडते. अशा नावांचा जुना फोल्डर एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये हलवताना मोठ्या नावांच्या फायली मागे राहतात. हलवण्याआधी नावं छोटी करा, आणि हलवून झाल्यावर दोन्हीकडची फायलींची संख्या जुळते का ते पाहून मगच जुनं पुसा.

बॅकअपसाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला ३-२-१ हा नियम घरालाही लागू पडतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. नॅसवरची पहिली प्रत. दुसरी यूएसबी हार्ड डिस्कवर. ही डिस्क बॅकअप झाला की काढून ठेवायची. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रामलाही सापडते आणि विजेच्या झटक्यालाही. बॅकअपमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवण्याचा पर्याय असतो, तो लावा. खराब झालेली फाइल तीन आठवड्यांनी लक्षात आली तर त्याआधीची आवृत्ती हाताशी हवी. नॅसमध्ये स्नॅपशॉटची, म्हणजे फायलींची त्या-त्या वेळची स्थिती जपण्याची, सोय असेल तर तीही रोजच्या चुकांसाठी फार उपयोगी आहे, पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, ते प्रतींत मोजू नका. मोबाइल आणि नॅस यांच्यातलं सिंकही मोजू नका. एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जाऊ शकतं.

तिसरी, घराबाहेरची प्रत. आपल्याकडे तिचं महत्त्व पुराने शिकवलं आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली एकाच वेळी पाण्यात होती. कोल्हापूरची पंचगंगा पुढे सांगलीच्या कृष्णेलाच मिळते. कोल्हापूरकराने आपली प्रत सांगलीला पूररेषेतल्या बहिणीकडे ठेवली असती तर त्या आठवड्यात दोन्ही प्रती पाण्याखाली गेल्या असत्या. ‘घराबाहेर’ म्हणजे शेजारची इमारत नव्हे, वेगळं गाव आणि शक्यतो वेगळं खोरं. नॅसही जमिनीलगतच्या कप्प्यात न ठेवता उंचावर ठेवा.

सर्वांत स्वस्त आणि मनाला पटणारी व्यवस्था म्हणजे दोन भावंडांनी एकमेकांच्या प्रती सांभाळणं. पुण्याच्या ताईच्या नॅसवर नाशिकच्या दादाचा बॅकअप, दादाच्या नॅसवर ताईचा. प्रती एन्क्रिप्टेड असल्याने एकमेकांचे पगार आणि कर्जं कुणी वाचू शकत नाही, नात्यात अवघडलेपणही येत नाही. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाकडेही अशी प्रत ठेवता येते. पहिला बॅकअप मात्र इंटरनेटवरून पाठवू नका. १ टीबी डेटा ५० एमबीपीएसच्या अपलोडने न थांबता पाठवला तरी सुमारे ४४ तास लागतात. १० एमबीपीएसचा अपलोड असेल तर नऊ दिवसांहून जास्त. पहिली प्रत यूएसबी डिस्कवर घ्या, दिवाळीला जाताना सोबत न्या, तिथे उतरवा. पुढे रोज फक्त बदललेला भाग रात्री जाईल. क्लाउड भाड्याने घेणाऱ्यांनाही हेच एन्क्रिप्शन लागू. किल्ली तुमच्याकडे, त्यांच्याकडे फक्त न वाचता येणारा ढीग.

नॅसला छोटा यूपीएस जोडा आणि यूपीएसची यूएसबी वायर नॅसमध्ये लावा, म्हणजे वीज गेल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होतो. आधीचा फोल्डर एन्क्रिप्टेड करण्याचं काम तासन् तास चालतं. भारनियमन असलेल्या गावात यूपीएस आणि ताजा बॅकअप यांशिवाय त्याला हात घालू नका.

एवढं झाल्यावर खरी परीक्षा उरते. बॅकअपच्या प्रोग्रामने ‘यशस्वी’ असं लिहिलं म्हणजे प्रती पोचल्या, एवढंच कळतं. त्या उघडतात की नाही हे उघडल्याशिवाय कळत नाही. सिनॉलॉजीच्या बॅकअपसाठी हायपर बॅकअप एक्सप्लोरर नावाचा प्रोग्राम लॅपटॉपवर चालतो. बॅकअपची डिस्क लॅपटॉपला जोडा, नॅस बंद ठेवा आणि फक्त कागदावरच्या पासवर्डने एक जुना व्हिडिओ, एक पीडीएफ आणि एखादा मराठी नावाचा फोल्डर बाहेर काढा. व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहा. ही तपासणी वर्षातून दोनदा ठेवा. पासवर्ड बदलला किंवा नॅस बदलला तर लगेच करा. हे जमेपर्यंत मूळ फायलींना एन्क्रिप्शन लावू नका आणि जुन्या प्रती पुसू नका.

आणि या तपासणीला स्वतः बसू नका. पत्नीला, पतीला, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला तो कागद आणि ती डिस्क द्या, लॅपटॉप समोर ठेवा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. कागदावरची कोणती ओळ त्यांना समजली नाही ते त्यांनी बाहेर येऊन सांगितलं की ती ओळ तिथल्या तिथे नीट लिहा. तुमच्या मदतीशिवाय एक फोटो त्यांनी उघडून दाखवला, की मग नॅसवरच्या फोल्डरला कुलूप लावा.